वीस किलोमीटर पळते आणि मरते: लष्करी लिलावातला ट्रक घरी आणताना

लिलावातून उचललेला जुना लष्करी ट्रक पहिले वीस-पंचवीस किलोमीटर झकास पळतो. मग चढ लागला की ओढ कमी होते, दोन-चार आचके देतो आणि बंद पडतो. पंधरा मिनिटं थांबून सेल्फ मारला की काही झालंच नव्हतं अशा थाटात सुरू. पुन्हा काही किलोमीटर, पुन्हा तेच. फिल्टर बदला, इंजिनात डिझेल फवारणारे नोजल तपासा, पंप उतरवून बेंचवर लावा, दुखणं जात नाही. मी हे माझ्या गाडीवर दोनदा भोगलंय आणि दुसऱ्यांच्या गाड्यांवरही बघितलंय. दर वेळी लक्षण एकच, पण कारण मात्र एकच नव्हतं. लोक तिथंच फसतात.

माझी गाडी म्हणजे शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला, चारही चाकांना ओढ असलेला ट्रक. त्याचं उत्पादन १९९६ च्या सुमारास थांबलं, म्हणजे आज कुठलीही शक्तिमान घ्या, ती तिशीकडे झुकलेली किंवा तिशी ओलांडलेलीच असणार. आमचा कोल्हापूरला शिरोली नाक्याकडे क्रेनचा धंदा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या उलटायला लागल्या की रात्री-अपरात्री फोन येतात, आणि शेताच्या बांधावर, चिखलात साधी क्रेन स्वतःच रुतून बसते. म्हणून चारचाकी ओढीची जुनी चॅसी घेऊन तिच्यावर बूम, म्हणजे क्रेनचा हात, चढवायचा विचार होता. २०१८ च्या दिवाळीनंतर पुण्याजवळच्या एका व्यापाऱ्याच्या यार्डात ही सापडली. लिलावातून उचलून तिथं तीन पावसाळे उभी होती. तीन पावसाळे हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कागदांचं थोडक्यात. लष्करातून निघालेल्या गाडीच्या नोंदणीला फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं, झेरॉक्सवर भागत नाही. रस्त्यावर काढायची तर तात्पुरता नंबर आणि विमा हवाच. बाणाची लष्करी पाटी तशीच ठेवून गाडी चालवायचा शहाणपणा करू नका. आणि १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपवून त्या भंगारात काढायचा नियम आलाय. संरक्षण दलांच्या खास कामाच्या गाड्यांना त्यात सूट आहे, पण तुम्ही घेताय ती गाडी नेमकी कशात बसते हे पैसे भरायच्या आधी आरटीओत कागद दाखवून विचारा. मी घेतली तेव्हा हे झेंगट नव्हतं.

सोबत आमचे मिस्त्री होते. आख्खं आयुष्य उद्यमनगरात इंजिनांचे डिझेल पंप दुरुस्त करण्यात गेलेला माणूस, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. निघताना त्यांनी ब्रेक, स्टिअरिंग, हवा, पट्टे बघितले. टायरच्या बाजूला छापलेले चार आकडे वाचले, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. ते वाचून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, कारण रबर वरून काळंभोर पण कडेला भेगा. "चाळीसच्या वर न्यायची न्हाई," एवढं बजावून ठेवलं. पुढच्या चाकांची ओढ सुटलेली आहे ना, हे गाडी मागे-पुढे हलवून पाहिलं. कोरड्या डांबरावर चारही चाकं जोडलेली ठेवून दोनशे तीस किलोमीटर आणलीत तर गिअर आणि टायर दोन्हींची वाट लागते. गाडी चोवीस व्होल्टची, त्यामुळे बारा व्होल्टच्या दोन नव्या बॅटऱ्या एकामागोमाग जोडल्या. डिझेल फिल्टरही नवे टाकले. टाकीत यार्डवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे 'थोडंफार' डिझेल होतं, त्यावर आम्ही पन्नास लिटर ओतलं. चूक झाली ती इथंच.

नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना पहिला आचका बसला. खेड शिवापूरचा टोलनाका कसाबसा ओलांडला. शिरवळच्या अलीकडे ती पहिल्यांदा पूर्ण मेली. फिल्टर उघडला तर तळाला तपकिरी गाळ. धुऊन बसवला, हातपंपाने एअर, म्हणजे नळीत शिरलेली हवा, काढली, सुरू. आम्ही खूश. साताऱ्याकडच्या खंडाळ्यापर्यंत खुशी टिकली.

खंबाटकी घाटात दुसऱ्या वळणावर ती पुन्हा मेली. तेव्हा पुण्याहून येताना घाट चढावाच लागायचा, बोगदा होता तो साताऱ्याहून पुण्याकडे जाणाऱ्यांसाठी. मागच्या चाकांना दगड लावून आम्ही खाली उतरलो. हिरव्या रंगाची लष्करी गाडी घाटात उभी म्हटल्यावर माणसं थांबणारच. एक कंटेनरवाला, एक दुधाचा टँकर, दोन बुलेटवाले. प्रत्येकाचा सल्ला एकच, फिल्टर बदला. एका बुलेटवाल्यानं तर आम्हाला सॅल्यूटही ठोकला. मामा पायरीवर तंबाखू मळत बसले होते. मी फिल्टर उघडायला पाना घेतला तसे म्हणाले,

"लेका, फिल्टर चोंदला तर गाडी मरती, कबूल. पर पंधरा मिनटं उभी केली की फिल्टर सोताहून साफ हुतोय व्हय?"

हे वाक्य पूर्ण समजायला मला पुढे महिना लागला. चोंदलेला फिल्टर चोंदलेलाच राहतो. थांबल्यावर तो थोडंफार डिझेल सोडेल, पण गाडी पुन्हा पूर्ण ताकदीनं पंधरा किलोमीटर पळणार नाही. गाडी थांबल्यावर जे आपोआप सुटतं, ते फिल्टरमध्ये नसतं. ते टाकी आणि फीड पंप यांच्या मधल्या वाटेवर असतं.

ही वाट कशी चालते ते सांगतो. इंजिनवरचा फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते. पंपाच्या पुढे, फिल्टरपासून मोठ्या पंपापर्यंत (नोजलना जोरानं डिझेल देतो तो), डिझेल दाबाखाली असतं. दाबाच्या बाजूला कुठं सैल असेल तर डिझेल बाहेर ठिबकतं, डोळ्याला दिसतं. ओढीच्या बाजूला सैल असेल तर एक थेंबही बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. नळी कोरडी ठणठणीत दिसते आणि आपण म्हणतो, इथं काही नाही. चढावर इंजिन जास्त डिझेल मागतं, ओढ वाढते आणि जे काही अर्धवट अडलेलं असतं ते पूर्ण अडतं. म्हणूनच सपाटीला बरी आणि घाटात मेली.

घाटात मामांनी केलं ते असं. टाकीचं झाकण उघडलं, कान लावला, आवाज नाही. फीड पंपाकडे येणारी नळी सोडवली, तिला टायरमध्ये हवा भरायचा पायपंप लावला आणि टाकीकडे उलटी हवा मारली. पहिले दोन दाब जड गेले, तिसऱ्याला आत गुडगुड झालं. नळी जोडली, फीड पंपावरचा हातपंप फिरवून सैल केला, फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू अर्धा फिरवला आणि फेस जाऊन डिझेलची सरळ धार येईपर्यंत पंपत राहिले. मग स्क्रू आवळला, हातपंपाची मूठ परत घट्ट केली. ही मूठ लोक विसरतात आणि मग तिथूनच हवा घेत गाडी पुन्हा बंद पडते. गाडी सुरू झाली. घाट चढलो, भुईंजला पुन्हा थांबलो, पुन्हा पायपंप. नागठाणे. उंब्रज. पेठ नाका. तोवर मला त्या गुडगुडीचा आवाज झोपेतही ओळखता आला असता. पंचगंगेचा पूल ओलांडून तावडे हॉटेलपाशी आलो तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. सकाळी सहाला निघालो होतो.

आता जे घरी आल्यावर केलं आणि खरं तर निघायच्या आधी करायला हवं होतं.

वीस लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात पेट्रोल पंपावरचं ताजं डिझेल भरा. गवंडी लेव्हल बघायला वापरतात तो पारदर्शक पाईप दुकानात मीटरवर मिळतो, त्याचे दोन तुकडे घ्या. एक कॅनमधून फीड पंपाला. दुसरा मात्र बहुतेक जण विसरतात: फिल्टरकडून किंवा मोठ्या पंपाकडून टाकीत परत जाणारं जादा डिझेल, तेही कॅनमध्येच सोडा. नाहीतर कॅनमधलं डिझेल फिरून जुन्या टाकीत जातं आणि अर्ध्या वाटेत कॅन कोरडा. कॅन टाकीच्याच उंचीला बांधा. वर केबिनपाशी टांगलात तर डिझेल वजनानेच खाली येईल, फीड पंप कमजोर असला तरी गाडी पळेल आणि परीक्षा फुकट जाईल. सायलेन्सरपासून लांब, केबिनच्या बाहेर, दोन पट्ट्यांनी आवळून. आणि हे परीक्षेपुरतंच. तो पाईप डिझेलमध्ये काही दिवसांत कडक होतो, त्याच्यावर कायम गाडी चालवू नका.

मग जवळचा एखादा चढ गाठा. आमच्याकडे जोतिबाचा डोंगर आहे. कॅनवर गाडी न मरता चढली, तर पंप, फिल्टर, नोजल सगळे निर्दोष आणि चोर टाकीकडच्या बाजूला. कॅनवरही मेली तर टाकी सोडा, फीड पंपाच्या आतली जाळी, त्याचे व्हॉल्व्ह, मग फिल्टर, या क्रमाने पुढे सरका. पारदर्शक पाईपमध्ये नजर ठेवा. बुडबुडे दिसले तर कॅन आणि पंपामध्येच कुठंतरी हवा शिरतेय, बहुतेक वेळा नळी जोडणाऱ्या युनियन बोल्टच्या तांब्याच्या वॉशरपाशी. हे वॉशर एकदा दाबले की दाबलेलेच राहतात. पंचवीस रुपये वाचवायला जुनेच पुन्हा लावू नका.

आमची कॅनवर जोतिबा चढली आणि उतरलीही. म्हणून टाकी उतरवली.

तळाचा नट काढला तर आधी पाणी आलं. तांब्याभर स्वच्छ पाणी, मग गढूळ, मग डिझेल. तीन पावसाळे म्हटलं होतं ते यासाठी. अर्धी रिकामी टाकी उभी राहिली की आतल्या हवेतली ओल रात्री पत्र्यावर जमते आणि खाली उतरते. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं, पत्र्याला गंज धरतो, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतू वाढून काळी बुळबुळीत साय तयार होते. टाकी उलटी केली तेव्हा जे पडलं ते गुऱ्हाळातल्या काहिलीच्या तळाला धरलेल्या खरपुडीसारखं होतं, नखाएवढे पापुद्रे. टपरीवरचा चहाचा ग्लास शिगोशीग भरला. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या सक्शन पाईपाच्या तोंडाशी बारीक जाळी होती, तिच्यावर त्या सायीचा थर आणि थराला चिकटलेले दोन पापुद्रे. ओढ लागली की पापुद्रे जाळीवर बसायचे, गाडी मेली की ओढ संपून खाली पडायचे. पंधरा मिनिटांचं गणित ते.

टाकी साफ करायला आम्ही ट्रॅक्टर वापरला. मागचं एक चाक जॅकवर उचललं, बाकी चाकांना दोन्हीकडून ओंडके लावले, उचललेल्या चाकाला टाकी दोरखंडाने आवळली, आत थोडं डिझेल आणि दोन मीटर साखळी, आणि पहिल्या गिअरला मंद तासभर फिरवलं. पोरंटोरं बघायला जमली, त्यांना लांब उभं करा. काही जण साखळीऐवजी खडी टाकतात. टाकीच्या आत आडव्या पट्ट्या असतात, त्यांच्यामागे एखादा खडा अडकला की तोच पुढे जाळीशी जाऊन बसायचा. साखळीचं टोक तारेने झाकणाच्या तोंडाला बांधलं की ती ओढून काढता येते. तीनदा डिझेल बदललं, तिसऱ्यांदा निघालेलं कापडातून गाळलं तर कापड जवळजवळ स्वच्छ. टाकीला छिद्र निघालं तर वेल्डिंगवाल्याकडे तशीच नेऊ नका. डिझेलची टाकीही रिकामी असताना वाफेनं फुटते. माणसं गेलेली आहेत. आतून धुऊन, पाण्याने काठोकाठ भरून, आणि हे काम रोज करणाऱ्याकडूनच.

जाळी साफ केली, नळ्यांचे रबरी तुकडे सगळे बदलले. रबर बाहेरून चांगलं दिसलं तरी बदला. आजऱ्याकडच्या एका लाकूड वाहतूकदाराच्या गाडीवर टाकी लख्ख, जाळी लख्ख, तरी हेच दुखणं होतं. शेवटी तीन इंचांचा रबरी तुकडा उभा चिरला तर आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. ओढ वाढली की ती जीभ नळी बंद करायची. उलटी हवा मारली की वाट मोकळी, त्यामुळे पायपंपाच्या परीक्षेतही ती पास.

एवढं झाल्यावर आमची गाडी तीन आठवडे सुतासारखी सरळ चालली. मग रंगायला दिली. मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानुसार ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच, आपल्याला तो ठेवता येत नाही. पिवळी करून घेतली. रंगाऱ्याकडून आणली त्याच दिवशी जोतिबाच्या वाटेवर गायमुखाच्या पुढे गाडीने दोन आचके दिले आणि बंद.

खरं सांगतो, मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. टाकी साफ, जाळी साफ, रबर नवं, वॉशर नवे. कॅन घरी. मामांना फोन लावला.

"मामा, परत तेच. काय करू?"

"इंजिन मेलंय न्हवं आत्ताच? मग झाकण उघड. आत्ता. कान लाव."

उघडलं. सुस्स करून हवा आत शिरली. प्रेशर कुकरसारखा आवाज, फक्त उलट्या दिशेनं. गाडी लगेच सुरू झाली, पंधरा मिनिटं थांबावंच लागलं नाही. डिझेल जितकं बाहेर जातं तितकी हवा टाकीत यायला हवी, त्यासाठी झाकणात बारीक भोक असतं. रंगाऱ्यानं झाकण न काढता सगळ्या टाकीवर फवारा मारला होता, भोक पिवळं होऊन बुजलं. टाचणीनं खरवडलं तर पिवळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली अजून हिरवा, चार-पाच थर तरी असतील. लष्करात गाडीला रंग देताना कुणी टाचणी घेऊन बसत नसावं. म्हणजे खंबाटकीतही ते भोक अर्धं बुजलेलंच होतं. पण टाकीतली घाण त्याच्याआधी गाडी मारत होती, त्यामुळे निर्वात तयार व्हायला वेळच मिळत नव्हता आणि आवाज आला नाही. एक चोर पकडला म्हणून आम्ही दुसऱ्याला शोधलंच नाही.

तेव्हापासून गॅरेजला अशी गाडी आली की मी मालकाला आधी एकच विचारतो: मेल्याबरोबर झाकण उघडून पाहिलंत? पाच मिनिटांनी उघडून उपयोग नाही, तोवर हवा हळूहळू आत गेलेली असते. आवाज आला तर भोक. आवाज नाही, पण उलटी हवा मारल्यावर सुरू झाली, तर टाकीतली घाण किंवा रबराची जीभ. एअर काढताना फेस संपतच नाही, तर वॉशर, हातपंपाची मूठ किंवा चिरलेली नळी. एअर काढताना पहिल्याच दाबाला सणसणीत सरळ धार येते आणि तरी गाडी मरते, तर टाकीला दोष देऊ नका, मोठ्या पंपाच्या माणसाकडे जा. नोजलचे नट सैल करून बघायची हौस असेल तर धारेपुढे हात धरू नका, ती कातडीत घुसते.

हे सगळं डिझेलवाल्यांसाठी. जबलपूरच्याच निस्सान आणि जोंगा पेट्रोलवर चालतात. उन्हात, चढाला, गरम असताना बंद आणि गार झाल्यावर सुरू, हे त्यांच्या बाबतीत बऱ्याचदा नळीत पेट्रोलची वाफ होण्यामुळे असतं. इंजिनवरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओला फडका टाकून लगेच सुरू झाली तर टाकी उतरवायच्या भानगडीत पडू नका. नळी सायलेन्सरपासून लांब न्या, मधे पत्र्याचा आडोसा करा. पायपंपाची उलटी हवा पेट्रोलच्या टाकीवर वापरू नका, आणि कॅनचा खेळ तर मुळीच नको.

आमची शक्तिमान आता बूम चढवून उभी आहे. रात्री टाकी भरून ठेवतो, म्हणजे आत ओल धरायला जागा राहत नाही. मृग लागायच्या आधी आणि दसऱ्यानंतर तळाचा नट अर्धा फिरवून काचेच्या ग्लासात थोडं काढतो. गेल्या खेपेला दोन चमचे पाणी निघालं. टाचणी किल्लीच्या जुडग्याला लावलेली आहे.